मृत पाण्याने राखलेले जीव

मऊ पिसाची रेघन् रेघ १५ कोटी वर्षे टिकेल का? जर्मनीत, बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या चुनखडीत ती टिकली आहे. कशी ते पाहा.

त्या काळी तेथे उथळ, उबदार समुद्र होता. प्रवाळ व स्पंज यांच्या बांधांआड खाजणे तयार झाली. बाष्पीभवनाने पाणी अधिक खारट, म्हणून जड होई व तळाशी साचे. तेथे प्राणवायू जवळजवळ नसे. मग तळाशी पडलेले कलेवर कुरतडणार कोण? त्यावर चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ अलगद बसे. पुढे गाळाचा खडक झाला व ठसा राहिला.

या खडकाचे कण इतके बारीक, की शिळाछापावर छपाईसाठी त्याच्या लाद्या वापरीत. त्याच बारकाव्याने पिसेही जपली. १८६१ मध्ये येथील आर्किओप्टेरिक्स जगापुढे आला. त्याची पिसे पक्ष्याची, पण शेपटीत सरपटणाऱ्या प्राण्यांसारखी हाडांची लांब माळ! डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ मधला. दोन प्राणिवर्गांना जोडणारा दुवा दोनच वर्षांत हाती आला.

विद्यार्थी मित्रांनो, जीवाश्म पाहाल तेव्हा ‘हा जीव कुजला का नाही?’ हेही विचारा. उत्तर त्याच्याभोवतीच्या खडकात असते.