सोयरीक, रक्तगट आणि बहात्तर तास

खोपोलीजवळच्या साजगावची यात्रा कार्तिकात भरते. धाकटी पंढरी म्हणून हे गाव ओळखलं जातं, आणि यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो म्हणून इथल्या देवाला लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. याच सुमारास तुळशीची लग्नं लागतात आणि कर्जत-खालापूरच्या घराघरांत सोयरिकीची बोलणी सुरू होतात. मुलामुलींच्या परिचयपत्रात उंची, रास, नाडी, शिक्षण यांच्या खाली आता रक्तगटाचीही ओळ असते. ती वाचून कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, “दोघांचा गट एकच आहे, पुढे मूल व्हायला त्रास होईल,” आणि चांगलं स्थळ हातचं जातं. लग्न ठरवताना या ओळीचा एवढा धसका घेणारी माणसं सुनेला दिवस गेल्यावर मात्र तिचा गट कोणता हे विसरलेली असतात. खरं तर त्या ओळीची गरज तेव्हाच असते.

नवरा-बायकोचा गट एकच असल्याने मूल न होणं, गर्भ न टिकणं किंवा मुलात व्यंग येणं, यातलं काहीही घडत नाही. आपल्याकडे ओ आणि बी हे दोन गट मिळूनच निम्म्याहून जास्त लोकांत आढळतात. ढोबळ हिशेब केला तर दर तीन-चार जोडप्यांमागे एका जोडप्याचा गट सारखा निघेल. त्यांना मुलं होत नसती तर एव्हाना गावं ओस पडली असती.

या समजाला नाडीचाही आधार दिला जातो. ‘एक नाडी म्हणजे एक रक्तगट’ असं विज्ञानाचं नाव घेऊन सांगितलं जातं आणि गुणमेलनातले नाडीचे आठ गुण गेले की घरात चिंता सुरू होते. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. चंद्राचं नक्षत्र बदललं की नाडीही बदलू शकते. रक्तगट मात्र आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवरून ठरतो. जन्माचा दिवस किंवा वेळ त्याला बदलू शकत नाही. एकाच रक्तगटाच्या दोन सख्ख्या भावांच्या नाड्या वेगळ्या असू शकतात. पत्रिका मानायची की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण तिला रक्तपेढीचा शिक्का मारू नये.

मग काळजी कशाची करायची? ए, बी, एबी, ओ या अक्षरापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह या खुणेची, आणि तीही एकाच परिस्थितीत: बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. बायको पॉझिटिव्ह आणि नवरा निगेटिव्ह असेल तर हा प्रश्न येत नाही. दोघेही निगेटिव्ह असतील तर मूलही निगेटिव्हच असतं, तेव्हाही येत नाही. भारतात आरएच निगेटिव्ह माणसं साधारण पाच टक्के आहेत, युरोपात पंधरा टक्क्यांच्या आसपास. ‘निगेटिव्ह’ हा काही आजार नव्हे. लाल पेशींवर ‘डी’ नावाचा एक प्रथिनांश नसतो, एवढाच त्याचा अर्थ. निगेटिव्ह बाईला दिवस जायला अडचण नसते, तिचं रक्त कमजोर नसतं, आणि तिच्याशी लग्न करण्यात काहीही धोका नाही.

अडचण पुढे येते ती अशी. बाळाने बापाचा पॉझिटिव्ह गट घेतला असेल, तर बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला त्या पेशी परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुखरूप सुटतं. पण ही प्रतिपिंडं आईच्या शरीरात राहतात. पुढच्या खेपेला पुन्हा पॉझिटिव्ह बाळ असेल तर ती वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, कधी ते पोटातच दगावतं. जन्मलं तर तीव्र कावीळ होते. पूर्वी ‘पहिलं जगलं, मागची सगळी गेली’ अशा बायका असत. त्यातल्या काहींच्या दुःखामागे हे कारण होतं, आणि दोष मात्र त्यांच्या कुशीला दिला गेला. हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

यावरचा उपाय १९६८ पासून बाजारात आहे: अँटी-डी इंजेक्शन. आईच्या शरीराने बाळाच्या पेशी ओळखण्याआधीच हे औषध त्यांना निकामी करतं. काही न केल्यास पहिल्या पॉझिटिव्ह बाळानंतर अशा सुमारे सोळा टक्के आयांमध्ये प्रतिपिंडं तयार होतात. बाळंतपणानंतर इंजेक्शन दिलं तर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर येतं, आणि सातव्या महिन्याच्या सुमारास, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणखी एक दिलं तर त्याहूनही खूप खाली. विशेष म्हणजे बाळाचा ए किंवा बी गट आईशी जुळत नसेल तर हा धोका आपोआप कमी होतो, कारण आईच्या रक्तातली आधीचीच प्रतिपिंडं बाळाच्या पेशी लगेच साफ करतात. गट ‘न जुळणं’ इथे उलट उपयोगी पडतं.

बाळंतपणानंतरचं इंजेक्शन बहात्तर तासांच्या आत द्यायचं असतं. त्याआधी बाळाच्या नाळेतल्या रक्तावरून त्याचा गट पाहतात. बाळ निगेटिव्ह निघालं तर इंजेक्शनची गरज नाही. कर्जत किंवा खोपोलीत बाळंतपण झालं तर तीन दिवस पुरेसे असतात. डोंगरावरच्या ठाकूरवाडीत किंवा कातकरीवाडीत घरीच बाळंत झालेल्या बाईसाठी तेच तीन दिवस फार थोडे ठरतात. मुदत टळली तरी डॉक्टरांना विचारावं, उशिराने दिलेल्या इंजेक्शनचाही काही उपयोग होतो.

‘एकदा घेतलं की आयुष्यभराचं झालं’ हा समज सर्वांत महागात पडतो. या इंजेक्शनचा असर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून ते प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावं लागतं. ‘गर्भ पडला, आता कसलं इंजेक्शन?’ हाही तितकाच घातक समज आहे. गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, मधेच झालेला रक्तस्राव, पोटावर बसलेला मार, या प्रत्येक वेळी रक्त मिसळू शकतं. किती आठवडे झाले होते ते पाहून डॉक्टर इंजेक्शनचा निर्णय घेतात, पण त्यासाठी आपण निगेटिव्ह आहोत हे आधी सांगावं लागतं. गोळ्या घेऊन गुपचूप गर्भ पाडणाऱ्या मुलीचा गट कुणी विचारतही नाही. आणि एकदा प्रतिपिंडं तयार झाली की अँटी-डीचा उपयोग उरत नाही. ती झाली आहेत का हे कूम्ब्स चाचणीत कळतं. झाली असली तरी सगळं संपलं असं मुळीच नाही. अशा बाळावर सोनोग्राफीने बारीक लक्ष ठेवतात, आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत ते पोटात असतानाच त्याला रक्त देता येतं.

अक्षराच्या गटाचा एक छोटा अपवाद आहे: आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते. ती बहुधा सौम्य असते आणि निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर उतरते. पण जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत दिसलेली पिवळी झाक कधीच साधी समजू नये. काविळीची माळ घालून किंवा कोवळ्या उन्हात धरून थांबलात तर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते, आणि ते नुकसान भरून येत नाही.

रक्तगटावरून बाईच्या चारित्र्यावर घेतलेला संशय मला सर्वांत क्रूर वाटतो. दोघे पॉझिटिव्ह असताना मूल निगेटिव्ह होऊ शकतं. आई ए, बाप बी आणि मूल ओ हेही अगदी नेहमीचं. ‘आईबाप दोघे ओ, मग मूल बी कसं?’ याचंही उत्तर असू शकतं, आणि ते मुंबईत सापडलेलं आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी माणसं नोंदवली, ज्यांना ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. हाच तो ‘बॉम्बे’ रक्तगट. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ पदार्थच या माणसांत नसतो. बी चं जनुक असूनही साध्या तपासणीत ती ओ दिसतात आणि मुलाला तेच बी देऊ शकतात. भारतात दर दहा हजारांत साधारण एकाचा हा गट असतो. विरळाच, पण एखाद्या बाईची अब्रू त्यावर अवलंबून असते.

रक्त चढवायची वेळ आली की नवरा पुढे सरसावतो. मुलं व्हायची असलेल्या बायकोला शक्यतो नवऱ्याचं रक्त देऊ नये, त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर ती पुढच्या बाळाला भोवतात. त्याने रक्तपेढीत दुसऱ्यासाठी रक्त द्यावं.

लग्नाआधी रक्त तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांसाठी तपासा. वाहक माणूस ठणठणीत दिसतो, पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ठरत असेल, तर दोघांत एकच दोष असण्याचा संभव वाढतो, म्हणून तिथे ही चाचणी अजिबात टाळू नये. दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत आशाताईला किंवा नर्सताईला रक्तगट विचारून घ्या आणि तो माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिला आहे का ते स्वतः पाहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. गट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही गट त्याच दिवशी तपासून घ्या, आणि अठ्ठाविसावा आठवडा कोणत्या तारखेला लागतो ते घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.