पानातील पहिले वाढप

गौरी-गणपतीच्या पंगतीत पान मांडले की प्रथम मीठ वाढावयाचे, ही आपली जुनी रीत. पानाच्या वरच्या अंगास मधोमध चिमूटभर मीठ. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या. देवापुढील नैवेद्याच्या पानात मात्र अनेक घरी मीठ वाढत नाहीत. देवाच्या पानात नसलेले मीठ माणसाच्या पानात सर्वांआधी येते.

त्यासाठी इवलेसे वेगळे पात्र कशाला, असे नव्या सुना विचारतात. वासिष्ठ धर्मसूत्राच्या चौदाव्या अध्यायाचा आशय असा की, स्निग्ध पदार्थ, लवण आणि व्यंजने हाताने दिली तर दात्यास फळ मिळत नाही व खाणारास दोष लागतो. ती पानावर वा गवतावर ठेवून द्यावीत; लोखंडाच्या पात्रातून देऊ नयेत. व्यवहारही तेच सांगतो. मिठाने लोखंड गंजते, पितळ कळकते. म्हणून मिठाला लाकूड, दगड, करवंटी आणि पुढे चिनी माती मानवली.

कीर्तनानिमित्त आम्ही मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीस येतो, तेव्हा पुष्कळ घरी भोकांची मीठदाणी दिसते. तीतही मिठाला हात लागत नाही, म्हणजे शास्त्र पाळले जाते. परंतु ज्याने त्याने आपल्यापुरते मीठ शिंपडून घ्यावयाचे. वाढणारा कोणी उरत नाही.

उपनगरवासीयांना तर मिठाचे नाते अधिक जवळचे. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या खाडीकाठी वाफ्यांत खारे पाणी उन्हाने आटवून मीठ पिकविले गेले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी विलेपार्ल्यास होती. जमनालाल बजाज तिचे एक धुरीण. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी घेण्यास मान्यता दिली. मिठागराची जागा अशी घरांकडे चालली असता, खाल्ल्या मिठाला जागावे हे निदान पंगतीत तरी स्मरावे.

पूर्वी मीठ वाढण्याचे काम घरातील लहानग्यास देत. सांडले तरी मोठे नुकसान नाही. आणि प्रत्येक पानापुढे वाकावे लागते, कोणाचे पान वगळता येत नाही. अन्नदानाचा पहिला पाठ तोच. यंदा गौरीजेवणाच्या दिवशी घरातील धाकट्याच्या हाती मिठाची लाकडी वाटी व चमचा द्यावा, एवढीच आमची विनंती.