उसावरचा कोळी आणि कोळ्याला खाणारे



एप्रिल उजाडला की गट कार्यालयात उसाची तांबूस पाने घेऊन सभासद येऊ लागतात. "साहेब, तांबेरा पडलाय, औषध लिहून द्या," हे ठरलेले वाक्य. तांबेरा ही बुरशी. तिला ओल व गारवा लागतो. भर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत पान आधी पांढुरके ठिपकेदार व मग तांबूस होत असेल, तर ते उलटे करून पाहावे. खालच्या अंगाला बारीक जाळी व धुळीसारखे कण दिसले आणि पांढऱ्या कागदावर झटकल्यावर ते कण चालू लागले, तर तो कोळी समजावा.

कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, पंख नसतात. घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्याचा तो भाऊबंद. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पानातील रस शोषणे हा त्याचा धंदा. थंडीत त्याची एक पिढी पुरी व्हायला तीन आठवडे वा अधिकही लागतात, तर एप्रिल-मेच्या उन्हात दहा-बारा दिवस पुरतात. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, त्यांतून नर निपजतात. त्यामुळे चार कोळ्यांचे चारशे कधी झाले ते कळत नाही. ज्वारीवरही हा कोळी असतो. धाग्याला लोंबकळत तो वाऱ्याबरोबर उसात येतो. गाडीवाटेचा धुरळा बसणाऱ्या कडेच्या सरीत तो आधी सापडतो. पाहणी तिथूनच सुरू करावी.

आता त्याला खाणाऱ्यांविषयी. कोळ्यांतच एक शिकारी जात आहे. भिंगातून ओळख सोपी आहे. पिकावरचा कोळी जाळीखाली घोळक्याने बसतो, हालचाल मंद. शिकारी कोळी एकटा, चकचकीत, पेरूच्या आकाराचा, आणि पान उघडताच पळत सुटणारा. त्याशिवाय मोहरीएवढा काळा ढालकिडा, कोळी खाणारा फुलकिडा व क्रायसोपाच्या अळ्या हेही त्याच कामावर असतात. गैरसमज एवढाच होतो की पानावर जे हलते ते सगळे वैरी.

खाणारा नेहमी खाद्याच्या मागून येतो. कोळी वाढल्यावरच शिकाऱ्यांची वीण वाढते, आणि मधले दोन-तीन आठवडे ऊस वाईट दिसतो. त्यातून शिकारी कोळ्याची अंडी फार कोरड्या हवेत सुकून जातात. म्हणून तो आधी प्लॉटच्या आत, ओलाव्याच्या जागी टिकून राहतो. वळीव झाला, हवा दमट झाली की पारडे फिरते. पावसाच्या माऱ्याने कोळी धुऊनही जातो. नेमक्या त्या मधल्या दिवसांत आपण पंप पाठीवर घेऊन सुटतो.

ही चूक आम्हीही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या खोडव्यात आम्ही घाईने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध फवारायला सांगितले. आठवडाभर पाने बरी दिसली. तीन आठवड्यांनी कोळी पूर्वीपेक्षा जास्त! औषधाने शिकारी मेले, जाळीतली अंडी मात्र राहिली. शेजारचा न फवारलेला प्लॉट वळवानंतर आपोआप सावरला. तो सभासद अजून आम्हाला औषधाच्या बिलाची आठवण करून देतो, आणि ते रास्तच आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी 2002 साल आठवावे. त्या पावसाळ्यात सांगली भागात लोकरी मावा दिसला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. फवारण्या पुष्कळ झाल्या. पण मावा आटोक्यात आणण्याचे मोठे काम डिफाच्या अळ्यांनी व मायक्रोमसने केले. तेव्हा डिफा असलेली पाने आपणच एका प्लॉटमधून दुसऱ्यात नेऊन बांधत होतो.

मोठा आडसाली ऊस कोळ्याला दाद देत नाही. काळजी करायची ती ताण बसलेल्या खोडव्याची व लहान सुरू उसाची. पाण्याची पाळी चुकवू नये. पाचट जाळू नये, सरीत पसरावे. ओलावा राहतो आणि शिकाऱ्यांना आसरा मिळतो. आठवड्यातून एकदा दहा ठिकाणची पाने उलटून पाहावीत. शिकारी दिसत असतील तर फवारणी थांबवावी. कोळी वाढतोच आहे व शिकारी मुळीच नाहीत, अशा वेळी शेतकी मदतनिसाला प्लॉट दाखवावा. फवारा लागलाच तर बाधित सरींपुरता, कोळ्यावरच्याच औषधाचा. गंधक भर उन्हात मारू नये, पाने करपतात.

नमुना आणताना पान सकाळी तोडून कागदी पिशवीत आणावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोटारसायकलच्या हँडलला टांगून आणलेल्या पानावर आमच्यापर्यंत येईतो काहीच जिवंत उरत नाही.