सीनाकाठची चौंडी
(गाव आणि शिवार : भाग ९)

३१ मेला चौंडीत पाय ठेवायला जागा नसते. अहिल्याबाई होळकरांची जयंती, राज्यभरातून आलेल्या गाड्या, पिवळे झेंडे, ढोल, मंत्र्यांचे ताफे. २०२३ साली याच दिवशी इथल्या व्यासपीठावरून अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली. ६ मे २०२५ ला तर राज्य मंत्रिमंडळाची अख्खी बैठकच चौंडीत भरली आणि स्मृतिस्थळाच्या जतन-संवर्धनासाठी ६८१ कोटींचा आराखडा मंजूर झाला. एवढ्याशा खेड्याच्या वाट्याला एवढा मान क्वचितच येतो. पण आपली लेखमाला शिवाराची आहे, त्यामुळे मांडवातून बाहेर पडू आणि नदीकडे जाऊ.

नदी सीना. अहिल्यानगरच्या परिसरात उगम पावते, शहराला वळसा घालून दक्षिणेकडे निघते. म्हणजे जिच्या नावाने आता जिल्हा ओळखला जातो त्या बाईचं जन्मगाव आणि जिल्ह्याचं शहर ही दोन्ही एकाच नदीवर आहेत. पुढे सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. त्या संगमावरच्या देवळात शके ९४० मधला, म्हणजे १०१८ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा शिलालेख आहे. नदीची महती इतकी. पाणी मात्र बेताचं. पावसाळ्यात दोन-चार पूर, दिवाळीपर्यंत धार, नंतर डोह आणि वाळू. वरच्या अंगाला कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्ड्याला धरण आहे, खालच्या अंगाला परांडा तालुक्यात कोळेगावला. मधल्या गावांनी धरणातून काय सुटतं याची वाट बघायची.

चौंडी जामखेड तालुक्यात येते. या तालुक्याचं पाऊसमान वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आगेमागे. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला काही हजार मिलिमीटर कोसळतो. जिल्हा एक, कलेक्टर एक, पण पावसाचं खातं इतकं वेगळं की दोघांचा ‘जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ काढणाऱ्या माणसाचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. जामखेडचा पाऊस म्हणजे जूनमध्ये हूल, जुलै-ऑगस्टमध्ये भुरभुर आणि खरी भिस्त परतीच्या पावसावर. उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रं बरसली की वर्ष उभं राहतं. म्हणून इथे शेतकऱ्याचा जीव मृगापेक्षा हत्तीच्या पावसात अडकलेला असतो.

नदीकाठची जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. पूर्वेला बालाघाटच्या डोंगराकडे जावं तशी ती हलकी, मुरमाड होत जाते. काळ्या जमिनीचं जुनं गणित असं : जूनमध्ये चार थेंब पडले की उडीद पेरायचा. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत तो निघतो, हातात रोख पैसा येतो, आणि उडदाची बेवड ज्वारीला मानवते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वाफसा आला की, त्याच रानात रब्बीची ज्वारी. सोलापूर, करमाळा, बार्शी, कर्जत, जामखेड या सगळ्या पट्ट्याची ही घडी आहे. ज्वारी बहुतेक मालदांडी. तिचं ‘एम ३५-१’ हे निवड वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. मोहोळ तालुकाही सीनेचाच. इतकी वर्षं झाली, डझनावारी नवी वाणं आली, तरी भाकरीची चव आणि कडब्याची गोडी विचारली की गावात बोट मालदांडीकडेच जातं.

या पिकाची मला सर्वांत जास्त नवलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पेरणीनंतर त्याला आभाळाकडून जवळजवळ काही मिळत नाही. जमिनीत साठलेल्या ओलीवर ते चार महिने काढतं. थंडी वाढली, रान सुकायला लागलं की काळ्या मातीला भेगा पडतात. त्या भेगांतून ओल उडते आणि मुळ्या तुटतात. त्यावर उपाय कोळपणीचा. पहिल्या दोन कोळपण्या तणासाठी. तिसरी, पीक आठ आठवड्यांचं झाल्यावर दातेरी कोळप्याने घ्यायची, ती भेगा बुजवण्यासाठी. पाणी द्यायला नाही, तर आहे ते उडू द्यायचं नाही. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकेत हे आता ‘ओलावा संवर्धन’ म्हणून छापलेलं असतं. बैल होते तोवर ते घरोघरी होत होतं. बैल गेले आणि कोळपणीही मागे पडली. ट्रॅक्टर पेरतो झकास, पण कंबरेएवढ्या ज्वारीत त्याला शिरता येत नाही.

काढणीचं दुखणं याहून मोठं. रब्बी ज्वारी मुळासकट उपटायची असते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, कडक झालेल्या जमिनीतून, हाताने. उक्तं द्यायचं म्हटलं तरी माणूस मिळत नाही. त्यामुळे ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी आहे ते कांदा, हरभरा, ऊस करतात आणि खरिपात उडदाच्या जागी सोयाबीन शिरतं आहे. शहरात ज्वारीची भाकरी आरोग्याची म्हणून ताटात परतली, भाव चढला, आणि पिकवणाऱ्या पट्ट्यात तिचं रान आक्रसत चाललं आहे. भाव वाढला की पीक वाढेल असं समजणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये दिवसभर ज्वारी उपटून पाहावी.

कडब्याचं मात्र कुणाला विसरून चालत नाही. दुष्काळी सालात दाण्यापेक्षा कडब्याची पेंढी मोलाची ठरते. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये या भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. दावणीची जनावरं छावणीत, घरातलं एक माणूस त्यांच्याबरोबर तिथेच मुक्कामाला, असे महिने लोकांनी काढले. घरखर्च दुधावर चालतो, दूध चाऱ्यावर, चारा ज्वारीवर. ज्वारीचं रान कमी होणं म्हणजे नुसतं एक पीक बदलणं नव्हे, हे गोठ्यात उभं राहिलं की कळतं.

पीक निघालेल्या रानात मेंढ्यांचे वाडे उतरतात. धनगरांचे कळप शेतात रात्रभर बसवायचे आणि त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार जुना आहे. अहिल्याबाईंचा जन्म या समाजातला. वडील माणकोजी शिंदे चौंडीचे पाटील. १७२५ चा जन्म. वाटेत मुक्कामाला थांबलेल्या मल्हारराव होळकरांनी देवळात ही मुलगी पाहिली आणि सून म्हणून निवडली असं सांगितलं जातं. १७३३ मध्ये खंडेरावांशी लग्न झालं, आणि पुढचं आयुष्य माळव्यात. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ इथली देवळं, घाट, कुंडं आणि रस्तोरस्तीच्या विहिरी या त्यांच्या कामांची यादी इथे देत बसत नाही, ती शाळेच्या पुस्तकात आहे. एवढंच म्हणतो की जिने प्रवाशाला पाणी मिळावं म्हणून देशभर खर्च केला ती बाई पाण्याची किंमत माळव्यात जाऊन शिकली नसावी.

पाण्याने या तालुक्यात एक लढाईसुद्धा आटोपली आहे. ११ मार्च १७९५, खर्डा. पेशव्यांच्या बाजूने परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले. समोर निजाम अली. प्रत्यक्ष झुंज फार मोठी झाली नाही. निजाम मागे हटून खर्ड्याच्या भुईकोटात शिरला. बाहेर मराठ्यांचा वेढा, आत माणसं आणि जनावरं उदंड, आणि पाणी तुटपुंजं. थोड्याच दिवसांत त्याने तह मान्य केला. दौलताबादसह मुलूख आणि मोठी खंडणी कबूल केली. मार्चमध्ये खर्ड्याला सैन्य कोंडून घ्यायचं नसतं, एवढं तिथल्या कुठल्याही कुणब्याने निजामाला सांगितलं असतं. अहिल्याबाई तेव्हा महेश्वरी होत्या. त्याच वर्षी १३ ऑगस्टला त्या गेल्या.

पुढे इंग्रजी अमलात जामखेड नगर जिल्ह्यात राहिलं आणि शेजारचे आष्टी, पाटोदा, भूम, परांडा हे तालुके सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सोयरिकी पलीकडे, बाजार पलीकडे, आणि मध्ये दोन राज्यांची हद्द. राज्यं गेली तरी कडेला असण्याची सवय गेली नाही. आजही बीड, धाराशिव आणि सोलापूर हे तीन जिल्हे जामखेडला टेकलेले आहेत. जामखेडकर पाहुण्याला हटकून दाखवतो तो सौताड्याचा धबधबा पाटोदा तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात येतो. विंचरणा नदी तिथे बालाघाटावरून खाली उडी घेते आणि जामखेडकडे येते. कोणत्याही जिल्ह्याच्या योजनेत कडेचा तालुका शेवटी येतो; चौंडीचं नाव मोठं झाल्यावर तरी हे बदलावं.

डोंगराकडच्या गावांतून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कारखान्यांच्या फडावर मार्च-एप्रिलपर्यंत पालाच्या खोपीत संसार. या काळात अशा गावांत म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं दिसतात. जिथे ज्वारीला हात मिळत नाहीत तिथलेच हात दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात, यात वरवर विसंगती वाटेल. पण उचल एकरकमी मिळते, लग्नाला, आजारपणाला, घराला. ज्वारीची मजुरी तशी मिळत नाही.

आता या परिसराची जगाला असलेली दुसरी ओळख. तिच्यासाठी कुठला उत्सव होत नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण संपवून जामखेडला आलं. रजनीकांत राहुरीचे, दोघं वेल्लोरला शिकलेले, आधी वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केलेले. लगेच १९७१ ते ७३ चा दुष्काळ आला. त्यांच्या ध्यानात आलं की इथल्या बाळांना औषधाआधी अन्न आणि स्वच्छ पाणी हवं आहे. १९७१ मध्ये त्यांच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

विंधन विहिरी घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. सार्वजनिक विहिरीवर ज्यांना चढू दिलं जात नव्हतं त्यांच्या दारात आता गावाचं पाणी आलं. दुष्काळात तहान लागली की घागर घेऊन तिथे जावंच लागतं. अस्पृश्यतेवर भाषण न देता केलेला इतका नेमका घाव मला दुसरा आठवत नाही.

गावात राहायला शिकलेल्या परिचारिका तयार नव्हत्या. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही टाकलेल्या, विधवा. त्या जामखेडला येत, एकत्र रांधत, एकत्र जेवत, शिकत आणि परत गावात जाऊन शिकवत. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपणाची स्वच्छता, मुलांचं वजन, कुटुंबनियोजन, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणं. पुरुषांची शेतकरी मंडळं झाली, त्यांनी बांध घातले, झाडं लावली; बायकांची महिला मंडळं झाली. १९९० च्या दशकात तो १७६ चा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. अजूनही देशोदेशीचे लोक हे काम शिकायला जामखेडला येतात.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं. त्यात जामखेडवर आरोळ्यांचा लेख आहे आणि मध्य जावावर डॉ. गुणवान नुग्रोहो यांचा. इंडोनेशियातला तो मुलूख आपल्या अगदी उलट : डोंगरउतारावर भाताची खाचरं, भरपूर पाऊस, बारमाही हिरवळ. तरी तिथेही बाळं अशीच दगावत होती, आणि उपायही तसाच निघाला. गावाने आपल्यातली माणसं निवडून शिकवून तयार करायची, आणि घरटी थोडे पैसे जमवून आरोग्य निधी उभा करायचा. पुढे १९८० च्या दशकात इंडोनेशियाभर गावोगावी महिन्यातून एकदा मुलांची वजनं घेणारी केंद्रं उभी राहिली. ती आजही गावच्या बायकाच चालवतात. पाणी मुबलक असलेलं खेडं आणि टँकरची वाट बघणारं खेडं एकाच निष्कर्षाला आलं, याचा अर्थ असा की पाणी असणं पुरेसं नाही. ते आणि त्याबरोबरचं ज्ञान कुणाच्या हाती आहे यावर बाळं जगतात.

चौंडीशेजारी हळगावला आता अहिल्यादेवींच्या नावाचं कृषी महाविद्यालय आहे. माझ्या मते या परिसरात गेल्या काही वर्षांत झालेलं सर्वांत उपयोगी बांधकाम तेच. तिथल्या मुलांनी ज्वारी उपटण्याचं एखादं चालण्याजोगं यंत्र आणि लहान ट्रॅक्टरला जोडता येईल असं दातेरी कोळपं काढलं, तर सीनाकाठाला त्याचा उपयोग पुतळ्यापेक्षा जास्त होईल. ६८१ कोटींतली थोडी रक्कम इकडे वळली तर अहिल्याबाईंची हरकत असणार नाही.

चौंडीला जायचं असेल तर ३१ मेला जरूर जा, पण जानेवारीतही एकदा जा. शिंद्यांची गढी आणि देवळं पाहून झाली की नदीकडच्या रानात हुरड्याला बसा आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, यंदा हस्त किती बरसला. पुढच्या आठवड्यात आपण खर्ड्यावरून निघून परांड्याच्या बाजूला, धाराशिव जिल्ह्यात शिरणार आहोत.