वाढ आणि प्रतिकारशक्ती एकाच ताटात

कोल्हापूरच्या वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला आया विचारतात, "सिस्टर, पोरगं वाढंना झालंय, सारखं आजारी पडतंय. ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं का?" जिमला जाणारी पोरंही या इंजेक्शनबद्दल कुजबुजतात. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

ग्रोथ हार्मोन म्हणजे वाढीचं संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी ते तयार करते. गाढ झोपेत ते जास्त सुटतं. रक्तातून यकृतात गेलं, की यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक बनवतं. हाडांच्या वाढीला ही दोन्ही लागतात.

रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही यांचा परिणाम होतो. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे टी-पेशी तयार होतात आणि आपलं काय, परकं काय हे ओळखायला शिकतात. ही दोन संप्रेरकं थायमसला बळ देतात.

मग इंजेक्शन का नको? कुपोषित मुलाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन बहुधा कमी नसतं, उलट वाढलेलं असतं. पण पोटात पुरेसं अन्न आणि प्रथिनं नसली, तर यकृत पुरेसं आयजीएफ-१ बनवू शकत नाही. उपासमारीनं थायमसही आक्रसतो. मग वाढ खुंटते आणि खोकला, जुलाब पाठ सोडत नाहीत.

बोलिव्हियात कुपोषित मुलांना नीट आहार देऊन सोनोग्राफीनं थायमस तपासला गेला. वजन साधारण १ महिन्यात भरलं, थायमसला मात्र २ महिने लागले. म्हणून पोरगं जरा भरलं, की पौष्टिक खाणं थांबवू नका.

हे इंजेक्शन ताकदीचं टॉनिकही नव्हे. युरोपात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. धडधाकट माणसानं उगाच घेतलं, तर रक्तातली साखर वाढते, सांधे दुखतात.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची मोजून घ्या. लसी चुकवू नका. ताटात डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, अंडं, सुकट यांतलं रोज काहीतरी असू द्या. रात्री मोबाईल काढून घ्या, पोराला लवकर झोपवा. उंची फारच मागे असेल, तर सीपीआरमध्ये बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तपासणीत गरज सिद्ध झाली, तरच त्यांच्या देखरेखीखाली इंजेक्शन घ्यावं. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून कधीच नको.