धंद्यासाठीं जुनी एसयूव्ही घेतांना

पालघरहून बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत किंवा मनोरच्या हमरस्त्याकडे धंद्यानिमित्त नित्य जाणारे आमचे पुष्कळ शेतकरीबंधू जुनी एसयूव्ही घेऊं इच्छितात. कर्ज काढून चुकीची गाडी घेतल्यास ती बागेचें उत्पन्न खाऊन टाकते. म्हणून चार गोष्टी सांगतों.

प्रथम हिशेब करावा. महिन्यास १,५०० किलोमीटर फिरणें असल्यास लिटरमागें १२ किलोमीटर धांवणारी गाडी १२५ लिटर इंधन घेते, १५ धांवणारी १०० लिटर. वर्षाची बचत ३०० लिटर. गाडी जितकीं वर्षें वापरावयाची तितक्यांनीं ही बचत गुणावी. किंमतींतील फरक याहून अधिक असल्यास कमी मायलेजची गाडीच परवडते.

फेऱ्या आंखूड असल्यास १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीपेक्षां पेट्रोल गाडी बरी. त्या डिझेल गाडीच्या धूरनळींतील गाळणी, गाडी वेगानें सलग धांवल्यावांचून, काजळीनें तुंबते.

आमच्या किनाऱ्याची हवा खारी. गाडी खालून पाहावी. चासीस गंज असल्यास वरच्या रंगास भुलूं नये. किलोमीटरचा आंकडा बदलतां येतो, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी मागाव्या.

नोंदणीची १५ वर्षांची मुदत व बँकेचा बोजा तपासावा. नमुना २९ व ३० भरून गाडी, आणि १४ दिवसांचे आंत अर्ज करून विमा, आपल्या नांवें करून घ्यावा. खाजगी नोंदणीची गाडी भाड्यानें चालविणें बेकायदा आहे.

चिकूचें कलम घेतांना आपण पाला न पाहतां सांधा पाहतों. मोटारीसही तोच न्याय लावावा.