चार जुलैचे ब्रिस्टल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंड राज्यात, नॅरागॅन्सेट उपसागराच्या काठी ब्रिस्टल नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम बावीस हजारांची. पण चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, इथली मिरवणूक पाहायला त्या वस्तीच्या कित्येक पट माणसे लोटतात. मिरवणूक ज्या होप स्ट्रीटवरून जाते, त्या रस्त्याच्या मधोमध वर्षभर लाल-पांढरा-निळा पट्टा रंगवलेला असतो. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे याच ईशान्य भागात, स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही असे गाव पाहिले की दोन प्रश्न पडतात: या दिवसाचा इतिहास काय, आणि इथे घर घेता येईल का? दोन्ही प्रश्नांची जी उत्तरे कानावर येतात, त्यांतली बरीचशी ऐकीव असतात. ती तपासून पाहायला हवीत, कारण इतिहासाबद्दलच्या चुकीने फार तर समज कच्ची राहते. घराबद्दलच्या चुकीने आयुष्याची पुंजी अडकते.

गैरसमज १: ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या.

स्वातंत्र्याचा ठराव फिलाडेल्फियातील काँग्रेसने २ जुलैला मंजूर केला. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. बहुतेक प्रतिनिधींनी सह्या केल्या त्या २ ऑगस्टला. पुढची पिढी २ जुलै हाच उत्सवाचा दिवस मानेल, असे या प्रतिनिधींपैकी जॉन ॲडम्स यांनी पत्नीला पत्रात कळवलेही होते. गैरसमज रुजला, कारण छापील प्रतींवर ४ जुलै ही तारीख होती आणि लोकांच्या हाती त्या प्रती पडल्या. ऱ्होड आयलंडने तर त्याआधी, ४ मे १७७६ रोजीच, ब्रिटिश राजावरची निष्ठा नाकारली होती.

गैरसमज २: अमेरिकेतला पहिला चार जुलै ब्रिस्टलमध्ये साजरा झाला.

फिलाडेल्फियाने पहिला वर्धापनदिन १७७७ मध्येच तोफांची सलामी आणि आतषबाजी करून साजरा केला. ब्रिस्टलचा दावा वेगळा आहे: १७८५ पासून अखंड चालत आलेला, देशातला सर्वांत जुना उत्सव. स्वातंत्र्ययुद्धात लढलेले धर्मोपदेशक हेन्री वाइट यांनी त्या वर्षी देशभक्तिपर भाषण-प्रार्थनेचा कार्यक्रम सुरू केला. तीच या परंपरेची सुरुवात, मिरवणूक नंतरची. ‘सर्वांत जुना अखंड’ यातला ‘अखंड’ बोलता बोलता गळतो आणि ‘सर्वांत जुना’चा ‘पहिला’ होतो. सव्वादोनशेहून अधिक वर्षांचे सातत्य हा मान पुरेसा मोठा आहे. तो वाढवून सांगण्याची गरज नाही.

गैरसमज ३: गुलामगिरी दक्षिणेकडच्या राज्यांची होती, ब्रिस्टलसारखी उत्तरेची गावे स्वातंत्र्याच्या बाजूची.

हा समज पटतो, कारण यादवी युद्धात उत्तरेकडची राज्ये गुलामगिरीविरुद्ध लढली आणि शाळेच्या पुस्तकात तेवढेच लक्षात राहते. पण अमेरिकी जहाजांनी आफ्रिकेतून माणसे पळवून आणण्याच्या ज्या फेऱ्या केल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या ऱ्होड आयलंडमधून निघाल्या. न्यूपोर्ट आणि ब्रिस्टल ही त्यांची प्रमुख बंदरे. राज्याने १७८७ मध्ये आपल्या नागरिकांना या व्यापाराची बंदी केली, १८०८ पासून देशभर आयातबंदी आली. तरीही ब्रिस्टलच्या डी'वुल्फ घराण्याचा व्यापार चालू राहिला. या एका घराण्याने दहा हजारांवर आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून विकली. त्यातले जेम्स डी'वुल्फ पुढे देशाच्या सिनेटवर गेले. होप स्ट्रीटवरचा ‘लिंडन प्लेस’ हा देखणा वाडा जॉर्ज डी'वुल्फ यांनी १८१० मध्ये याच पैशातून बांधला. १८२५ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले, ते कुटुंबासह क्यूबाला पळाले आणि त्यांच्या धंद्यात पैसे गुंतवलेले अर्धेअधिक गाव बुडाले. आज तो वाडा संग्रहालय आहे आणि चार जुलैची मिरवणूक त्याच्यासमोरूनच जाते. हे माहीत असल्याने उत्सवाला बाधा येत नाही. स्वातंत्र्य कुणाला मिळाले आणि कुणाला नाकारले गेले, हे ठाऊक असलेला माणूस तो दिवस अधिक गांभीर्याने साजरा करतो.

गैरसमज ४: सुट्टीत येणाऱ्या श्रीमंतांनीच इथली घरे महाग केली.

जुलैत बंदरात नांगरलेल्या होड्या पाहिल्या की असे वाटणे स्वाभाविक आहे. ब्लॉक आयलंडसारख्या ठिकाणी ते खरेही आहे. तिथे हिवाळ्यात बहुसंख्य घरे बंद असतात. ब्रिस्टल मात्र बारमाही नांदते गाव आहे. येथे रॉजर विल्यम्स विद्यापीठ आहे, नौकाबांधणीची दीर्घ परंपरा आहे. विद्यार्थ्यांमुळे भाड्याच्या घरांना मागणी असते ती सप्टेंबर ते मे, म्हणजे उन्हाळा सोडून. शिवाय भाववाढ किनाऱ्यापुरती नाही. राज्यात स्वतंत्र घराची मध्यम किंमत २०१९ मध्ये तीन लाख डॉलरच्या आत होती. २०२४ मध्ये ती साडेचार लाखांच्या वर गेली. समुद्र न दिसणाऱ्या शहरांतही हाच चढ आहे. मूळ कारण बांधकामाचा दुष्काळ: लोकसंख्येच्या मानाने नव्या घरांना परवानगी देण्यात ऱ्होड आयलंड वर्षानुवर्षे देशाच्या तळाशी राहिले. मोठ्या भूखंडांचा आग्रह धरणारे नियम आणि बहुमजली घरांना स्थानिकांचा विरोध यांतून ही टंचाई निर्माण झाली. प्रत्येक गावात किमान १० टक्के घरे परवडणारी असावीत, हे उद्दिष्ट राज्याने १९९१ च्या कायद्याने ठरवले. ब्रिस्टलसह बहुतेक गावे ते आजवर गाठू शकलेली नाहीत. मालक राहत नसलेल्या, दहा लाख डॉलरांहून महाग घरांवर जादा कर लावण्याची तरतूद राज्याने २०२५ मध्ये केली, ती १ जुलै २०२६ पासूनची. त्यातून महसूल मिळेल. पण न बांधलेली घरे त्याने उभी राहणार नाहीत.

गैरसमज ५: व्याजदर चढले की घरांचे भाव उतरतात, थोडे थांबावे.

कर्ज महागले की ग्राहक कमी होतात आणि ग्राहक कमी झाले की भाव पडतात, हा हिशेब वरवर बिनतोड आहे. भारतात गृहकर्ज बहुधा बदलत्या दराचे असल्याने दर चढताच जुन्या कर्जदारालाही झळ लागते. अमेरिकेत तसे होत नाही. तिथे बहुतेक कर्जे ३० वर्षांच्या ठरलेल्या दराची. जानेवारी २०२१ मध्ये हा दर सरासरी २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सातच्या वर गेला. तीन टक्क्यांचे कर्ज असलेला मालक ते सोडून सात टक्क्यांनी दुसरे घर कशाला घेईल? तो विकतच नाही. त्यामुळे ग्राहकांबरोबर विक्रीची घरेही आटली आणि भाव टिकून राहिले. थांबावे की घ्यावे, हे स्वतःच्या मिळकतीवर ठरवावे. दर चढले म्हणून घर स्वस्त मिळेल, या आशेवर ठरवू नये.

गैरसमज ६: पाण्याला लागून घर घेतले की समोरचा किनारा आपला.

‘खाजगी’ अशा पाट्या लावलेले किनारे अमेरिकेत अनेक ठिकाणी दिसतात, म्हणून हे खरे वाटते. ऱ्होड आयलंडच्या राज्यघटनेने मात्र किनाऱ्यावरून चालण्याचा, मासे धरण्याचा, शेवाळ गोळा करण्याचा आणि पोहायला उतरण्याचा लोकांचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क कुठवर, यावर वाद होता. १९८२ च्या एका निकालाने आखलेली सीमा उघड्या डोळ्यांना दिसणारी नव्हती. २०२३ च्या कायद्याने ती स्पष्ट केली: भरतीने वाहून आणलेल्या शेवाळ-कचऱ्याची किनाऱ्यावर जी रेघ दिसते, तिच्यापासून जमिनीच्या बाजूला १० फुटांपर्यंत लोकांना वावरता येते. घर घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावे.

गैरसमज ७: घराचा विमा आहे, म्हणजे पुराची काळजी नाही.

‘घराचा विमा’ म्हटले की सगळे आलेच, असे वाटते. हप्ताही चांगला जबर असतो. पण अमेरिकेतल्या नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. त्यासाठी वेगळा विमा लागतो. १९६८ पासूनच्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरांचे संरक्षण मिळते. त्याहून महाग घराचा उरलेला धोका मालकाचाच. घराच्या कर्जाशी जोडलेला नसेल, तर हा विमा साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो. वादळ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. २०२१ पासून हप्ता त्या-त्या घराच्या धोक्याप्रमाणे ठरतो, म्हणून शेजाऱ्याच्या हप्त्यावरून अंदाज बांधता येत नाही. धोका कल्पनेतला नाही. २१ सप्टेंबर १९३८ आणि ३१ ऑगस्ट १९५४ च्या चक्रीवादळांनी हाच उपसागर उसळवून काठची वस्ती उद्ध्वस्त केली. न्यूपोर्टच्या मापनकेंद्रावर समुद्राची पातळी १९३० पासून सुमारे १० इंचांनी वाढली आहे. आणि चक्रीवादळांचा ऐन हंगाम जुलैनंतर येतो.

ब्रिस्टलची मिरवणूक जरूर पाहावी. चार जुलैचा इतका जुना अखंड उत्सव अमेरिकेत दुसरा नाही. घराचा निर्णय मात्र त्या दिवसाच्या उत्साहात घेऊ नये. सरकारी पूरनकाशावर घराची जागा पाहावी, पूरविम्याचा दर लेखी मागावा, मालमत्ताकराची पावती तपासावी आणि फेब्रुवारीच्या थंडीत गावात एक फेरी मारावी. एवढे केल्यावरही गाव आवडले, तर घर अवश्य घ्यावे.